‘काका’ म्हणण्यापूर्वी

जून उजाडला की जालना शहराची सकाळ साडेसहालाच गजबजू लागते. गांधी चमन, मामा चौक, मंठा चौफुली, अंबड चौफुली, जिकडे पाहावे तिकडे पाठीवर दप्तर आणि गळ्यात पाण्याची बाटली अडकविलेली मुले, आणि त्यांचा हात धरून उभे असलेले आईवडील दिसतात. एखादी रिक्षा किंवा व्हॅन येऊन थांबते. आधीच दाटीवाटीने बसलेल्या मुलांत आणखी एक मूल बसविले जाते. आई सांगते, ‘‘काकांना त्रास द्यायचा नाही. काका सांगतील तसं ऐकायचं.’’ गाडी निघून जाते. या साऱ्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

या अर्ध्या मिनिटात आपण काय करतो, याचा विचार थांबून करावयास हवा. आपल्या घरातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण एका माणसाच्या स्वाधीन करतो आणि त्या माणसाला ‘काका’ हे नातेही बहाल करतो. आपल्या मराठी घरात काका हा वडिलांच्या जागी असतो. त्याची आज्ञा मोडायची नसते. मूल हे नाते अक्षरशः खरे मानते, कारण ते आईने सांगितलेले असते. मुलाने त्या माणसाची पारख केलेली नाही. ती त्याच्या वतीने आपण केली आहे, असे ते गृहीत धरते. प्रश्न असा आहे, की ती आपण केली आहे का? बहुतेक घरांचे प्रामाणिक उत्तर एवढेच निघेल, की आम्ही महिन्याचे भाडे विचारले, शेजाऱ्यांचा मुलगा त्याच गाडीने जातो असे कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचाही जाऊ लागला.

हरियाणातील महेंद्रगड जिल्ह्यात कनीनाजवळ ११ एप्रिल २०२४ रोजी घडलेली घटना प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. ईदच्या सुट्टीच्या दिवशी सुरू ठेवलेल्या एका खासगी शाळेची बस भरधाव वेगात झाडाला धडकून उलटली आणि ६ विद्यार्थी प्राणास मुकले. चालक दारूच्या नशेत होता. बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत २०१८ मध्येच संपली होती. तथापि या दुर्घटनेतील सर्वांत जिव्हारी लागणारा तपशील निराळाच आहे. अपघातापूर्वी वाटेतील एका गावच्या लोकांना चालकाची अवस्था कळली होती. त्यांनी बस अडवून चावी काढून घेतली होती. शाळेशी फोनवर बोलणे झाले. आजच्या दिवस जाऊ द्या, चालक बदलू, असे आश्वासन मिळाले, आणि चावी परत देण्यात आली.

ज्यांनी चावी काढून घेतली ते सजग नागरिक होते. ज्यांनी ती परत दिली तेही तेच होते. ‘आजच्या दिवस जाऊ द्या’ या चार शब्दांपुढे त्यांची सजगता हरली. आपल्यापैकी किती जणांनी हे चार शब्द कधी ना कधी स्वतःशी उच्चारले आहेत? गाडी चालविताना काका फोनवर बोलतात, हे मुलाने जेवताना सांगितले. आपण म्हणालो, बघू, पुढच्या महिन्यात बदलू. चावी आपणही रोज परत देत असतो.

पूर्वी हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता, हे खरे. शाळा गावात असे आणि मुले पायी जात. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा डबा एस.टी.ने जाई आणि तो योग्य हाती पोहोचे. त्या विश्वासामागे केवळ माणसांचा चांगुलपणा नव्हता. एस.टी.च्या चालकाची भरती परीक्षा घेऊन होते, त्याच्या छातीवर बिल्ला असतो, त्याचे आगार ठाऊक असते, तक्रार ऐकणारा नियंत्रक असतो, आणि तोच चालक वर्षानुवर्षे त्याच मार्गावर असल्याने सारे गाव त्याला नावाने ओळखते. एका बाजूने संस्थेची जबाबदारी आणि दुसऱ्या बाजूने समाजाची नजर, अशा दोन खांबांवर तो विश्वास उभा होता.

आज जालना जिल्ह्याचे चित्र पाहा. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. राज्य शासनाच्या २००२ च्या मानव विकास अहवालात हा जिल्हा तळाच्या जिल्ह्यांत होता. त्यानंतरच्या दोन दशकांत शिक्षणाची ओढ विलक्षण वाढली. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी, बदनापूर येथील खेड्यापाड्यांतून मुले तालुक्याला व जालन्याला येऊ लागली. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. या गाड्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडू पाहणाऱ्या कितीतरी मुलींना शाळेत टिकवून धरले, याबद्दल त्या योजनेचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा दीर्घ संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा याच मुलींना काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत कोंबून जावे लागले किंवा घरी बसावे लागले. लहान वयाची आणि इंग्रजी शाळांत जाणारी मुले तर निळ्या बसच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांच्यासाठी खासगी रिक्षा, व्हॅन आणि जीप हाच मार्ग उरतो. विश्वासाचे दोन्ही खांब तेथे मोडलेले आहेत. संस्था म्हणते, वाहन आमचे नाही. आणि समाजाला चालकाचे आडनावही ठाऊक नसते.

त्यातच आपले रस्ते. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला, की पहाटेच्या धुक्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे लाल दिवाही न लावता चाललेले असतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे सळईचे आणि भंगाराचे ट्रक अहोरात्र धावतात. कित्येक रस्त्यांच्या कडेला शेतातील विहिरी आहेत आणि त्यांना कठडे नाहीत. १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरची आषाढी वारी करून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी जालना-राजूर मार्गावर रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली आणि ७ वारकऱ्यांचा अंत झाला. विठ्ठलाचे दर्शन घेऊन निघालेली ती माणसे घराच्या उंबरठ्याशी येऊन गेली. अशा रस्त्यांवर आपण मुलांना रोज दोनदा पाठवितो. येथे चालक निवडणे ही ऐच्छिक बाब राहत नाही.

तथापि अपघात हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आपल्या घरांत बोलणे टाळले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि महाराष्ट्र हादरला. आरोपी ठेकेदारामार्फत नेमलेला सफाई कामगार होता. तो कोण, कोठला, त्याचे पूर्ववृत्त काय, याची चौकशी न करता त्याला बालकांच्या सान्निध्यात नेमले गेले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुण्यातील वानवडी भागात शालेय वाहनाच्या चालकाला सहा वर्षांच्या दोन मुलींवर गाडीतच अत्याचार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. हा माणूस त्या मुलींना अनोळखी नव्हता. रोज त्यांना नेणारा-आणणारा तोच होता.

येथे आमच्या वाचकांपुढे एक कटू गोष्ट मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘आपला माणूस’ हा शब्द आपल्याकडे फार लवकर उच्चारला जातो. तो आपल्या गावचा आहे, आपल्या नात्यातील आहे, देवळात येतो, वारीला जातो, कार्यक्रमात सतरंज्या घालायला पुढे असतो, म्हणून तो विश्वासू. यातील प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे, पण यातील एकही गोष्ट मूल स्वाधीन करण्यास पुरेशी नाही. परिचय निराळा आणि परीक्षा निराळी. उलट, तो परका आहे, निराळ्या वस्तीतला आहे, म्हणून तो अविश्वसनीय, हा निष्कर्षही तेवढाच पोकळ आहे. ज्याच्याविषयी आपण सावध असतो त्याच्याकडून धोका होण्याची शक्यता कमी असते. ज्याची चौकशी करणे आपल्याला संकोचाचे वाटते, तेथेच चौकशी अधिक आवश्यक असते. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरोधातील २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराध अधिक गंभीर मानला आहे, तो याचसाठी.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये याच जिल्ह्यातील जांब येथे झाला. त्यांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली, पढतमूर्खाची सांगितली, उत्तम पुरुषाचीही सांगितली. माणूस लक्षणांवरून ओळखावा, बोलण्यावरून किंवा वेषावरून नव्हे, ही दृष्टी या मातीतील आहे. ती आपण घरचा जावई निवडताना वापरतो, बैल विकत घेताना वापरतो. शाळेच्या गाडीचा चालक निवडताना मात्र विसरतो.

कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून पंचवीसहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी शालेय बसच्या चालकाला जड वाहन चालविण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा आणि वाहतुकीचे नियम वारंवार मोडणाऱ्यास या कामावर घेऊ नये, असे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससंबंधी स्वतंत्र नियम केले. वेगनियंत्रक, आपत्कालीन दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुली असतील तर महिला सहायक, वाहतूकदाराशी लेखी करार, हे सारे त्यांत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तीत पालकांचा प्रतिनिधी असावा, असे ते नियम सांगतात. म्हणजे ‘वाहन आमचे नाही’ हे शाळेचे उत्तर नियमाला धरून नाही. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हा साधा प्रश्न पहिल्याच पालकसभेत विचारून पाहावा. पुष्कळ ठिकाणी या प्रश्नानंतरच समितीची फाईल शोधली जाईल. प्रशासनाचेही तसेच. जूनमध्ये चार दिवस तपासणी मोहीम राबवायची, छायाचित्रे छापून आणायची आणि मार्चपर्यंत डोळे मिटायचे, याला देखरेख म्हणत नाहीत.

परंतु नियमांची अंमलबजावणी होईपर्यंत मुले घरी बसविता येत नाहीत. म्हणून पालकांनी स्वतः काय करावे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट कागदांची. चालकाचा परवाना कोणत्या वाहनाचा आहे व केव्हापर्यंत वैध आहे, बिल्ला आहे का, गाडी विद्यार्थी-वाहतुकीसाठी नोंदलेली आहे का, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, हे पाहावे. आठ वर्षांहून जुन्या प्रवासी वाहनाला दरवर्षी योग्यता तपासून घ्यावी लागते. गाडीच्या क्रमांकावरून ‘एम-परिवहन’ या शासकीय ॲपवर या मुदती दिसतात. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला मागावा. प्रामाणिक चालकाला याचा राग येत नाही. आपला दाखला कोणीतरी विचारला, याचे त्याला समाधानच वाटते.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची. पहिले दोन-चार दिवस आई किंवा वडिलांनी त्याच गाडीत, त्याच वेळी, त्याच मार्गाने जावे. पुढे महिना-दोन महिन्यांनी एखाद्या दिवशी न सांगता जावे. तो फोन घेतो का, रेल्वे फाटकाशी थांबतो का, मुलांना रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरवितो, गाडी मागे घेताना उतरून पाहतो का, मूल घराच्या दारात शिरेपर्यंत थांबतो का, हे लक्षणांचे पाठ आहेत. आधीच्या शाळेचे किंवा आधीच्या पालकांचे काम त्याने का सोडले, हे त्या पालकांनाच विचारावे. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: रात्री काय करतोस? कित्येक चालक शाळेच्या भाड्यात भागत नाही म्हणून रात्रपाळी करतात किंवा लांबची भाडी मारतात. रात्रभर जागलेला सज्जन माणूससुद्धा सकाळच्या गाडीवर धोकादायक असतो.

तिसरी गोष्ट बदलीची. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातील मासाईपेट येथे नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेगाडीची धडक बसून एका स्कूल बसमधील डझनाहून अधिक मुले दगावली. त्या दिवशी नेहमीचा चालक नव्हता, बदली चालक होता, असे तेव्हा समोर आले. आपला चालक आजारी पडला तर कोण येणार, हे आधीच ठरलेले असावे आणि त्या माणसाचीही हीच पारख झालेली असावी. ऐनवेळी कोणी अनोळखी आला तर मुलाने गाडीत बसू नये. त्यासाठी घरातील एखादा परवलीचा शब्द मुलाला शिकवून ठेवावा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. गाडीत सर्वांत आधी बसणारे आणि सर्वांत शेवटी उतरणारे मूल काही काळ चालकाबरोबर एकटे असते. ते एकटे राहणार नाही, असा क्रम पालकांनी मिळून ठरवावा. दोन शेजारच्या मुलांना शेवटी उतरविण्याने हे साधते, त्याला खर्च लागत नाही. आणि मूल जर म्हणाले, ‘मला त्या गाडीतून जायचं नाही’, तर त्याला हट्टी ठरविण्यापूर्वी जवळ घेऊन ऐकावे. ‘काका सांगतील तसं ऐकायचं’ याला आता एक जोड द्यावी, की काकांनी काही लपवायला सांगितले तर ते आधी आईला सांगायचे. शंका खरी निघाली तर अब्रूच्या भीतीने गप्प बसू नये. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे, पोलीस आहेत, आणि असा अपराध ठाऊक असूनही न कळविणे हा कायद्याने गुन्हा आहे.

एवढे सांगून झाल्यावर पालकांच्या पदरातही माप घातले पाहिजे. तीन प्रवाशांचा परवाना असलेल्या रिक्षात दहा मुले का बसतात? शंभर रुपये कमी घेणाऱ्या चालकाकडे आपण वळतो म्हणून. जो पाचच मुले नेईन म्हणतो त्याचे भाडे आपल्याला जास्त वाटते. मे महिन्यात आपण त्याचे पैसे तोडतो आणि जूनमध्ये त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करतो. मार्च २०२० पासून करोनाकाळात शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक चालकांनी हप्ते थकल्याने गाड्या विकल्या, कोणी भाजीचा गाडा लावला. वर्षानुवर्षे मुलांना सांभाळून नेणारे कितीतरी अनुभवी लोक या व्यवसायातून तेव्हा गेले, ते परतले नाहीत. त्यांच्या घरी त्या दिवसांत किती पालक विचारपूस करायला गेले, हे ज्याचे त्याने आठवावे. पाऊस असो वा ऊन, वेळेवर येणारा, आजारी मुलाला उचलून घरात आणून देणारा, घरी कोणी नसेल तर कुलपासमोर तासभर थांबणारा चालक आजही आपल्या जिल्ह्यात आहे. त्याला त्याच्या नावाने ओळखावे, सुट्टीतही काही वेतन द्यावे, शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांबरोबर त्याचाही सन्मान करावा. ज्याला मान मिळतो तो मान राखतो.

हे काम एकेका घराने करावयाचे नाही, करता येणारही नाही. एकटा पालक चौकशी करू लागला तर तो संशयी ठरतो. एका गाडीतील सर्व पालक मिळून करू लागले तर ती रीत होते. आपले कार्यकर्ते वस्तीवस्तीत आहेत, घराघरांत त्यांची ये-जा आहे. एका गाडीचे दहा-बारा पालक एका संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर एकत्र बसविणे, चालकालाही सन्मानाने बोलावणे, भाडे, संख्या, क्रम, बदली चालक आणि सुट्टीचे वेतन या गोष्टी एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करणे, एवढे काम जरी जिल्ह्यातील शंभर वस्त्यांत झाले, तरी मोडलेल्या दोन खांबांपैकी समाजाच्या नजरेचा खांब पुन्हा उभा राहील. मग संस्थेला आणि शासनाला जाब विचारण्याचा अधिकारही आपल्याला राहील.

उद्या सकाळी गाडी दारात येईल. मूल आपला हात सोडून त्या माणसाकडे जाईल आणि त्याला ‘काका’ म्हणेल. त्या हाकेला आपली पारख मागे उभी असली पाहिजे. आणि ज्या दिवशी ती पारख डळमळीत होईल, त्या दिवशी गाडीची चावी काढून घेण्याचे धैर्य दाखवावे. मग कोणी कितीही सांगो, ‘आजच्या दिवस जाऊ द्या’, ती परत देऊ नये.